मायक्रोस्कोप पडला, भरपाई कोणाची? एका कनिष्ठ महाविद्यालयातील प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयातील आहे. संस्थेचे, गावाचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी त्या वेळी तेथे विज्ञान शाखेचा विभागप्रमुख होतो. या प्रकरणातील पहिला चुकीचा निर्णय माझ्या शिफारशीवरून झाला, त्यामुळे त्याची मांडणी मी त्रयस्थाच्या भूमिकेतून करणार नाही.

बारावी विज्ञानाच्या वर्गाच्या जीवशास्त्र प्रॅक्टिकलसाठी चोवीस-चोवीस विद्यार्थ्यांच्या बॅचेस होत्या. डेड स्टॉक रजिस्टरप्रमाणे, म्हणजे टिकाऊ साहित्याच्या नोंदवहीप्रमाणे, नऊ मायक्रोस्कोप होते. त्यांपैकी चालू स्थितीत पाच. म्हणजे एका मायक्रोस्कोपमागे चार किंवा पाच मुले. प्रयोगशाळा सहायक दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा भरली गेली नव्हती. परिचराचे पदही रिक्त होते; डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानंतर शिपाई वर्गातील रिक्त पदांच्या जागी ठोक भत्त्यावर माणूस घेण्याची पद्धत आल्यामुळे जो माणूस मिळाला होता, तो कार्यालय, घंटा आणि पाणी यांतच गुंतलेला असे. प्रयोगशाळेत साहित्य काढणे, मांडणे, मोजून परत घेणे आणि त्याच वेळी चोवीस मुलांना शिकवणे हे सगळे एकट्या शिक्षकाकडे होते.

नुकसानभरपाईबाबतचा नियम प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर एका ओळीत होता: प्रयोगशाळेतील साहित्याची मोडतोड झाल्यास विद्यार्थ्यास भरपाई द्यावी लागेल. त्याखाली विद्यार्थी आणि पालक या दोघांच्या सह्या घेतल्या जात. भरपाई कोणत्या दराने, कोणी ठरवायची, चूक नसेल तर काय, याबद्दल त्या ओळीत काहीच नव्हते. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याकडून दीडशे रुपये प्रयोगशाळा अनामत घेतली जाई. दाखला नेताना ती परत मागण्याचा मुलांना हक्क होता, पण ते कोणी मुलांना सांगत नसे.

घटना

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. प्रॅक्टिकल होते परागकणांच्या अंकुरणाचे. सदाफुलीच्या फुलातील परागकण साखरेच्या द्रावणात, चिमूटभर बोरिक ॲसिड घालून, स्लाईडवर ठेवायचे आणि परागनलिका फुटण्याची वाट पाहायची. या वाट पाहण्याला महत्त्व आहे, कारण स्लाईड तयार करायला पाच मिनिटे लागतात आणि त्यानंतर अर्धा तास मुलांच्या हाताला काही काम नसते. जे प्रॅक्टिकल सतत हात चालू ठेवते, त्यात मोडतोड कमी होते, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. त्या दिवशी शिक्षक दुसऱ्या टोकाच्या टेबलावर एका गटाला स्लाईड पुन्हा करून दाखवत होते.

खिडकीजवळच्या टेबलावर चौघांचा गट होता. त्यांना येथे क, ख, ग आणि घ म्हणू. क ही मुलगी वसतिगृहात राहत होती. तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रातील एका कारखान्याकडे गेले होते. ख याचे वडील एसटीत वाहक, ग याच्या घरी कोरडवाहू शेती, आणि घ याच्या वडिलांचे गावातच मेडिकल दुकान. त्या टेबलावरचा मायक्रोस्कोप दिव्याचा होता. त्याचे प्लग लावायचे बोर्ड भिंतीवर, आणि टेबल भिंतीपासून चार फूट आत. त्यामुळे एक्स्टेंशनची वायर टेबल आणि भिंत यांच्यामधून, साधारण गुडघ्याच्या उंचीवर ताणलेली असे. ती तशी जाते हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. आम्ही मुलांना तोंडी सांगत असू, ‘वायर बघून चाला’.

दुपारी पावणेतीनच्या सुमारास वायरला झटका बसला आणि मायक्रोस्कोप टेबलाच्या कडेवरून फरशीवर पडला. स्टेज वाकली, मोठ्या फोकसच्या चाकाची दातेरी पट्टी निसटली आणि 40एक्स भिंगाच्या पुढच्या काचेला तडा गेला. 

शिक्षकांनी गटातील चौघांची नावे मोडतोड नोंदवहीत लिहिली, कारणाच्या रकान्यात ‘निष्काळजीपणा’ असा शब्द घातला आणि चौघांच्या सह्या घेतल्या. या सगळ्याला पाच मिनिटेही लागली नाहीत.

समस्या

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला विचारले की काय करायचे. मी सांगितले ते आमच्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेले उत्तर होते: नव्या मायक्रोस्कोपची किंमत काढा आणि गटात सारखी वाटून घ्या. साहित्य पुरवणाऱ्याने फोनवर साडेअकरा हजार सांगितले. चौघांना प्रत्येकी 2,875 रुपये आठ दिवसांत भरण्याची नोटीस गेली. नोटिशीच्या शेवटी एक वाक्य होते की रक्कम न भरल्यास जीवशास्त्राचे जर्नल प्रमाणित केले जाणार नाही. बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा फेब्रुवारीत होती. तीस गुणांच्या त्या परीक्षेला प्रमाणित जर्नल लागते. त्या एका वाक्याचे वजन किती आहे हे मुलांना आमच्यापेक्षा चांगले कळले.

घ याच्या वडिलांनी त्याच दिवशी पैसे भरून पावती नेली. ख याच्या वडिलांनी पगारानंतर भरतो असे कळवले. ग घरी काहीच बोलला नाही. आणि क तीन दिवस वर्गात आली नाही.

चौथ्या दिवशी वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंचा फोन आला. क हिने आईवडिलांना फोन केला होता. तिच्या वडिलांनी मुकादमाकडे, म्हणजे तोडणीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडे, आणखी तीन हजार रुपये उचल मागितली होती, आणि मुकादमाने ती पुढच्या हंगामाच्या हिशेबात धरून देतो असे म्हटले होते. ज्यांना उचल म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: ऊसतोड जोडपे, ज्याला एक कोयता म्हणतात, हंगामाआधीच मुकादमाकडून रक्कम घेते आणि हंगामभर ती तोडणीतून फेडते, ती फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि त्या वर्षीही त्याच मुकादमाबरोबर जावे लागते. आमची नोटीस एका कुटुंबाच्या पुढच्या हंगामापर्यंत पोहोचली होती. बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. क हिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना मुका मार होता. विचारल्यावर तिने एवढेच सांगितले की मायक्रोस्कोप पडताना धरायला गेले होते.

ज्या मुलीने उपकरण वाचवण्याचा प्रयत्न केला, तिच्या नावापुढे आम्ही ‘निष्काळजीपणा’ लिहून तिची सही घेतली होती. त्या दिवशी मी प्राचार्यांना भेटून नोटीस स्थगित करण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली आणि प्रकरण शालेय समितीपुढे ठेवण्याचे ठरले. समितीने तिघांवर चौकशी सोपवली: पालक शिक्षक संघाच्या एक सदस्या, संस्थेच्या कार्यकारिणीतील एक वकील, आणि मी. पहिला निर्णय माझाच असल्यामुळे मी चौकशीत असणे योग्य नाही असे मी म्हटले होते. पण प्रयोगशाळा जाणणारा दुसरा कोणी उपलब्ध नसल्याने मला राहावे लागले. आज मला वाटते की शेजारच्या महाविद्यालयातील एखाद्या शिक्षकाला बोलावता आले असते.

नेमके काय घडले

आम्ही चौघांशी वेगवेगळे बोललो, शेजारच्या टेबलावरील दोघांशी बोललो, आणि मग प्रयोगशाळेत जाऊन वायर त्या दिवशी होती तशी लावून पाहिली. या शेवटच्या गोष्टीने सगळे स्पष्ट झाले. ख आणि ग जर्नलवरून ओढाओढ करत होते; ग याला घाई होती, ख जर्नल सोडत नव्हता. ख याने एकदम सोडले तेव्हा ग दोन पावले मागे गेला आणि त्याच्या पोटरीत वायर अडकली. क त्या वेळी नेत्रिकेला डोळा लावून परागनलिका फुटली का ते पाहत होती. उपकरण तिच्या चेहऱ्यासमोरून सरकले आणि तिने हात घातला. घ तेथे नव्हताच. तो हात धुण्यासाठी सिंककडे गेला होता आणि आवाज ऐकून परतला.

म्हणजे चौघांपैकी दोघांचा घटनेशी संबंध इतकाच होता की त्यांची नावे त्या गटाच्या यादीत होती. ज्या दोघांची चूक होती, त्यांची चूकही सतरा वर्षांच्या मुलांनी रिकाम्या अर्ध्या तासात करावी अशीच होती. उपकरण मोडण्याचा हेतू कोणाचाही नव्हता. आणि वायर गुडघ्याच्या उंचीवर नसती तर ग दोन पावले मागे जाऊन तिथेच थांबला असता. हे तिसरे कारण आमचे होते. दोन वर्षांपूर्वी मीच टेबलाखालून पट्टीतून वायरिंग करून घेण्याची लेखी मागणी केली होती, तिचे उत्तर आले नव्हते, आणि मी पुन्हा मागणी केली नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे पूर्वीचाच निर्णय कायम ठेवणे. त्याच्या बाजूने वरिष्ठ शिक्षकांचे म्हणणे ठाम होते: एकदा माफी दिली की मुलांना साहित्याची किंमत राहत नाही. हे म्हणणे हलके नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये मोडलेले साहित्य वर्षानुवर्षे बदलून मिळत नाही, आणि नुकसान पुढच्या बॅचच्या मुलांनाच सोसावे लागते. म्हणून आम्ही जुन्या मोडतोड नोंदवह्या काढून पाहिल्या. तीन वर्षांपूर्वी परीक्षानळी, बीकर, थर्मामीटर अशा लहान वस्तूंचीही वसुली सुरू झाली होती. त्याआधीच्या वर्षी नोंदवहीत 34 नोंदी होत्या. वसुली सुरू झाल्यानंतरच्या वर्षी फक्त 7. पहिल्या नजरेला नियम यशस्वी झालेला दिसतो. पण जूनमधल्या साठा पडताळणीत नोंदीबाहेरची तूट आधीच्या वर्षी 5 वस्तूंची होती, ती नंतर 46 झाली. मुलांनी वस्तू फोडणे थांबवले नव्हते, सांगणे थांबवले होते. पडताळणीच्या वेळी रसायनशास्त्राच्या सिंकखाली, गॅसच्या नळीमागे, जर्नलच्या कागदात गुंडाळलेले फुटके थर्मामीटर सापडल्याचे मला चांगले आठवते. कागद उलगडला तेव्हा त्यात काच होती, पारा नव्हता. तो कोठे गेला ते कोणालाच सांगता आले नाही. पारा खोलीच्या साध्या तापमानालाही वाफ होऊन हवेत मिसळतो आणि ती वाफ विषारी असते. पन्नास-शंभर रुपयांच्या वसुलीच्या भीतीने ते थर्मामीटर कागदात गेले होते. हा पुरावा पाहिल्यानंतर सरसकट वसुलीचा पर्याय मी स्वतः सोडला.

कायद्याची बाजू वकील सदस्यांनी समजावून सांगितली. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 11 प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते, आणि अशा व्यक्तीचा करार मुळातच निरर्थक ठरतो हे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलने, 1903 मध्ये मोहरी बीबी प्रकरणात स्पष्ट केले आहे. प्रवेश अर्जावरील सतरा वर्षांच्या मुलांच्या सह्यांना त्यामुळे बंधनकारक हमीपत्र म्हणता येत नाही. पालकांची सही वेगळी. तिला काही अर्थ आहे, पण तीही करारभंगाच्या भरपाईबाबत कायदा जी मर्यादा घालतो, म्हणजे वाजवी भरपाई, तिच्या पलीकडे नेता येत नाही. आणि केवळ पालक आहेत म्हणून मुलाच्या हातून झालेल्या नुकसानीला आईवडील आपोआप जबाबदार ठरत नाहीत. त्यांची स्वतःची काही चूक दाखवावी लागते. शाळेच्या वेळेत, शाळेच्या देखरेखीखाली असलेल्या मुलाच्या बाबतीत ती काय दाखवणार, असा त्यांचा प्रश्न होता. जर्नल अडवण्याबद्दल त्यांचे मत आणखी स्पष्ट होते: जर्नल हे केलेल्या प्रयोगांचे प्रमाणपत्र आहे, ते पैशांसाठी तारण म्हणून ठेवता येणार नाही.

दुसरा पर्याय शिक्षकांकडून वसुलीचा होता, आणि तो बैठकीत एका सदस्याने गंभीरपणे मांडला. महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी नियमावली, 1981 मध्ये निष्काळजीपणामुळे झालेले आर्थिक नुकसान वेतनातून वसूल करण्याची शिक्षा आहे; परंतु तिच्यासाठी आधी खुलासा मागवावा लागतो आणि निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो. सहायक नाही, परिचर नाही, चोवीस मुले आणि पाच मायक्रोस्कोप अशा स्थितीत एका गटाला शिकवत असलेल्या शिक्षकाला निष्काळजी ठरवणे आम्हाला मान्य नव्हते. शिवाय असे झाले असते तर पुढच्या वर्षीपासून मायक्रोस्कोप कपाटातच राहिले असते आणि शिक्षकांनी फळ्यावर आकृत्या काढून प्रॅक्टिकल उरकले असते. अशी कुलूपबंद प्रयोगशाळा मी दोन ठिकाणी पाहिली आहे. तिथले साहित्य अगदी नवे असते.

कार्यालयातून तिसरी सूचना आली ती अनामत रकमेची. न मागितलेल्या अनामती साठत साठत चाळीस हजारांवर गेल्या होत्या. त्यातून दुरुस्ती करा म्हणजे कोणालाच त्रास नाही. पालक सदस्या येथे आडव्या आल्या आणि त्यांचेच बरोबर होते. ते पैसे ज्या मुलांनी काहीच मोडले नाही त्यांचे होते, आणि ते परत नेण्याचा हक्क त्यांना कोणी सांगितला नव्हता. माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढण्याची सूचनाही आली. एका मायक्रोस्कोपसाठी तिची गरज नव्हती.

चौथा पर्याय होता संस्थेने सगळा खर्च उचलण्याचा. मुले आपल्या देखरेखीखाली असताना, आपल्या वायरमुळे झालेले नुकसान आपले, ही भूमिका सरळ आहे, आणि आठवीपर्यंतच्या मुलांच्या बाबतीत मला तीच योग्य वाटते. शिक्षण हक्क कायदा, 2009 मध्ये सहा ते चौदा वयोगटातील मुलाचे शिक्षण पूर्ण होण्यात अडथळा ठरेल असे कोणतेही शुल्क किंवा खर्च त्याच्यावर टाकता येत नाही असे म्हटलेले आहे. बारावीची मुले त्या कक्षेबाहेरची. त्यांच्या बाबतीत ओढाओढ करणाऱ्यांवर काहीच जबाबदारी नको, हे पालक सदस्यांनाही पटत नव्हते. माझेही मन येथे काही दिवस डळमळीत होते.

किती रक्कम, हा वेगळा प्रश्न

कोणी भरायचे यावर आम्ही इतका वेळ घालवला की किती भरायचे हे जवळपास राहूनच गेले होते. डेड स्टॉक रजिस्टर उघडले तेव्हा तो मायक्रोस्कोप 2012 मध्ये 5,200 रुपयांना घेतलेला निघाला. म्हणजे दहा वर्षांहून अधिक वापरलेल्या उपकरणासाठी आम्ही मुलांकडून नव्या उपकरणाची किंमत मागत होतो. कोणाची जुनी सायकल आपल्या हातून मोडली तर आपण त्याला दुकानातली नवी घेऊन देत नाही. दुरुस्त करून देतो, किंवा तिची त्या वेळची किंमत देतो. दुरुस्ती होते का हे तर कोणी विचारलेही नव्हते. पुण्यातील एका दुरुस्ती करणाऱ्याला फोटो पाठवले. स्टेज सरळ करणे, दातेरी पट्टी बसवणे, 40एक्स भिंग नवे आणि दिव्याचा होल्डर, असे मिळून 3,400 रुपये त्याने सांगितले. भिंग अंबाल्याहून मागवावे लागेल, तीन आठवडे धरा, असेही तो म्हणाला. नेण्या-आणण्याचे दोनशे धरून एकूण 3,600. साडेअकरा हजारांच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी.

कार्यवाही

समितीने जो निर्णय घेतला त्यात सर्वांत आधी नोटीस रद्द झाली आणि चौघांच्या जर्नलवर सह्या झाल्या. पैशांचा निर्णय होण्याआधी जर्नल द्यायचे, हा क्रम आम्ही मुद्दाम ठरवला. क हिला बोलावून प्राचार्यांनी स्वतः सांगितले की तुझ्याकडून काही येणे नाही आणि तुझी काही चूक नव्हती. तिच्या समोरच त्यांनी तिच्या वडिलांना फोन लावला. वडील त्या वेळी फडात होते. त्यांना नीट ऐकू येत नव्हते, म्हणून प्राचार्यांना दोनदा मोठ्याने सांगावे लागले की उचल घेऊ नका. पलीकडून, ‘बरं सर, पोरीला बोलू नका’ एवढेच आले.

3,600 रुपयांपैकी निम्मी रक्कम संस्थेने भरायची ठरली. वायर, रिक्त पदे आणि बॅचचा आकार या तीन गोष्टींची ती किंमत होती, आणि तसे ठरावात लिहिले गेले. वेतनेतर अनुदान त्या वर्षी अजून आले नव्हते, म्हणून संस्थेने ती रक्कम स्वतःच्या खात्यातून दिली. उरलेले 1,800 रुपये ख आणि ग यांच्या पालकांना प्रत्येकी 900 असे सुचवले, हप्त्यांची मुभा देऊन. मागणीपत्रात ‘दंड’ हा शब्द नव्हता. काय घडले, दुरुस्तीचा खर्च किती, संस्था किती भरते आणि आपणास किती सुचवले आहे, एवढेच होते.

पैशांऐवजी काम करून घ्यावे अशी एक सूचना होती. ग याच्या घरची परिस्थिती पाहता ती मला प्रथम चांगली वाटली. पण एकाने पैसे द्यायचे आणि दुसऱ्याने काम करायचे असे झाले तर कामाला शिक्षेचे आणि गरिबीचे रूप येते. म्हणून दोघांनीही दोन शनिवारी माझ्याबरोबर प्रयोगशाळेत बसून उरलेल्या मायक्रोस्कोपची तपासणी करायची असे ठरले, ते पैशांच्या बदल्यात नव्हते. भिंग पुसायचा कागद कसा वापरायचा, मोठा फोकस फिरवताना डोळा नेत्रिकेला न लावता बाजूने का पाहायचे, हे त्यांना तेव्हा नीट कळले. नादुरुस्त म्हणून ठेवलेल्या चार मायक्रोस्कोपपैकी एकाची अडचण केवळ सैल झालेल्या स्क्रूची होती. तो ग याने पिळला आणि आमचे चालू मायक्रोस्कोप त्या शनिवारी पुन्हा पाच झाले.

घ याच्या वडिलांनी भरलेले 2,875 रुपये परत करण्याचा निर्णय मात्र अवघड ठरला. ते घ्यायला तयार नव्हते. प्रयोगशाळेला राहू द्या म्हणाले. रक्कम ठेवून घेणे सोपे होते आणि संस्थेला हवेही होते. आमचे म्हणणे असे पडले की चुकीच्या मागणीवर भरलेली रक्कम देणगी म्हणून ठेवून घेतली, तर उद्या ज्याला देणे शक्य नाही तोच चुकीचा ठरतो. रक्कम धनादेशाने परत केली. पुढे महिनाभराने त्यांनी स्वेच्छेने पंधराशे रुपये दिले. त्याची देणगी पावती वेगळी झाली.

परिणाम

मायक्रोस्कोप प्रात्यक्षिक परीक्षेच्या चार दिवस आधी परत आला. चौघांनीही परीक्षा दिली. ख याच्या वडिलांनी पूर्ण रक्कम भरली. ग याच्या वडिलांनी पाचशे भरले. उरलेले चारशे आले नाहीत आणि समितीने त्याचा पाठपुरावा केला नाही. ख याच्या वडिलांनी यावर कधी तक्रार केली नाही, पण त्यांना हे कळले असते तर ते योग्य वाटले असते का, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

त्या उन्हाळ्यात टेबलाखालून वायरिंग झाले. त्याला आलेला खर्च दुरुस्तीच्या दुपटीहून थोडा अधिक होता. मोडतोड नोंदवहीचे रकाने बदलले: कोणी मोडले याऐवजी पहिला रकाना ‘काय घडले’ असा झाला, आणि कारण त्याच दिवशी न लिहिता तीन दिवसांत चौकशी करून लिहायचे असे ठरले. परीक्षानळी, बीकर, थर्मामीटर यांची वसुली पूर्ण बंद झाली. पारा सांडला तर लगेच सांगणाऱ्याला काही विचारायचे नाही, हे प्रत्येक टेबलावर चिकटवले गेले. मोठ्या उपकरणांसाठी दुरुस्तीचा खर्च हीच कमाल मर्यादा ठरली, आणि एका विद्यार्थ्याकडून कोणत्याही परिस्थितीत एक हजारापेक्षा अधिक मागायचे नाही. जाणूनबुजून केलेल्या नासधुशीचा प्रश्न या मर्यादेबाहेर ठेवला, कारण तो अजून आमच्यापुढे आलेला नाही आणि न आलेल्या प्रकरणावर नियम करण्याची आम्हाला भीती वाटली. अनामत दाखल्याबरोबरच परत देण्याची पद्धत सुरू झाली.

पुढच्या वर्षी नोंदवहीत 41 नोंदी झाल्या. एका सदस्याने बैठकीत विचारले की मोडतोड वाढली का. जूनच्या पडताळणीत नोंदीबाहेरची तूट 4 वस्तूंची निघाली, ती त्यांना दाखवली.

ज्यांनी पहिली नोंद केली होती ते शिक्षक मात्र दुखावलेले राहिले. ठरावात रिक्त पदांचा उल्लेख असूनही आपल्या देखरेखीवर बोट ठेवले गेले असे त्यांना वाटले. मी त्यांच्याशी चौकशी सुरू होण्याआधी बोलायला हवे होते.

काय वेगळे करता आले असते

पहिला निर्णयाचा क्षण होता घटनेनंतरची पाच मिनिटे. शिक्षकांनी तेव्हा उपकरण बाजूला ठेवून, काच उचलून, कोणाला लागले का एवढेच विचारले असते तर क हिची बोटे त्याच दिवशी दिसली असती. कारण लिहिण्याची घाई आमच्या नोंदवहीच्या रचनेनेच लावली होती. रिकामा रकाना समोर असला की माणूस तो भरतो.

दुसरा क्षण माझा होता. प्राचार्यांनी विचारले तेव्हा मी प्रयोगशाळेत जाऊन वायर पाहिली असती, रजिस्टरमध्ये खरेदीचे वर्ष पाहिले असते, दुरुस्तीचा एक फोन केला असता, तर नोटीस निघालीच नसती. या तिन्ही गोष्टींना मिळून अर्धा तास लागला असता. सारखे वाटून घेणे न्याय्य दिसते, कारण त्यात कोणाकडे बघून वागल्याचा आरोप येत नाही. प्रत्यक्षात 2,875 रुपये घ याच्या घरी एका सकाळचा गल्ला होता आणि क हिच्या घरी पुढच्या हंगामाची बांधिलकी.

तिसरी गोष्ट अर्ध्या वाट्याची. संस्थेचा हिस्सा निम्मा का, दोन तृतीयांश का नाही, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला तेव्हाही देता आले नाही. वकील सदस्य दोन तृतीयांशाच्या बाजूने होते. आज पुन्हा ठरवायचे झाले तर मी त्यांच्या बाजूने मत देईन, कारण वायर नसती तर काहीच पडले नसते आणि ओढाओढ तर रोज कुठे ना कुठे होतेच.

एक गोष्ट मात्र दुरुस्त करता आली नाही. जुन्या नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, त्यामुळे त्या दिवसाच्या पानावर ‘निष्काळजीपणा’ या शब्दापुढे क हिची सही तशीच आहे. समितीच्या ठरावानंतर आम्ही त्या नोंदीशेजारी, समासात, तारीख घालून लिहिले: ‘चौकशीअंती या विद्यार्थिनीची चूक आढळली नाही. उपकरण वाचविण्याचा प्रयत्न करताना तिच्या हातास दुखापत झाली.’ खाली प्राचार्यांची आणि माझी सही आहे. दाखला न्यायला ती आली तेव्हा मी ते पान तिला दाखवले. तिने ते दोनदा वाचले आणि विचारले, ‘सर, याचा फोटो काढू का? वडिलांना दाखवते.’